बॉल बघून नाही, ओळखून खेळतात

१४० च्या स्पीडने टाकलेला बॉल बॅट्समनपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यात टप्प्यानंतर बॉलने दिशा बदलली तर ते दिसून बॅट वळवायलाच जवळपास ०.२ सेकंद जातात, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी बॉल हलला तर टेस्ट प्लेअरसुद्धा काही करू शकत नाही. मग हे लोक खेळतात तरी कसे?

मायकल लँड आणि पीटर मॅकलिऑड या दोन संशोधकांनी बॅट्समनच्या डोक्यावर कॅमेरा लावून नजर कुठे जाते ते बघितलं, २००० साली ते छापून आलं. आपल्याला लहानपणापासून सांगतात ना, बॉलवरून नजर काढू नकोस, पण तिथे नजर सतत बॉलवर नव्हतीच! हातातून सुटताना बॉल बघितला की नजर उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, आणि बॅट्समन जितका चांगला तितकी ही उडी लवकर. थोडक्यात मेंदू अंदाज बांधतो.

आता हा अंदाज येतो कुठून, तर आधी खेळलेल्या विकेटवरून, म्हणजे पिचवरून. लाल मातीवर उसळी मिळते, काळ्या मातीवर बॉल खाली राहतो, आणि विकेट ओली असेल तर शिवण मातीत रुतते, बॉलचा वेग मरतो, तो थांबून येतो, आपला ड्राइव्ह आधीच मारून झालेला असतो आणि कव्हरला सोपा कॅच. मुंबईत कांगा लीग ही क्लब क्रिकेटची स्पर्धा १९४८ ला सुरू झाली ती अशाच भर पावसाळ्यात, न झाकलेल्या विकेटवर. गावसकर त्यात खेळलाय. मला तर वाटतं मुंबईच्या बॅटिंगची खरी शाळा तीच. नोकरी किंवा शहर बदललं की सुरुवातीला आपलेही अंदाज असेच चुकतात, कारण मेंदू अजून जुन्या विकेटवरच खेळत असतो.

मग अंदाज सुधारायचा कसा? अमेरिकेत १९९४ साली कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर एक प्रयोग झाला. काहींना एकाच प्रकारचे बॉल ओळीने दिले, काहींना तीन प्रकार सरमिसळ करून. सहा आठवड्यांनी सरमिसळवाले जास्त सुधारले होते.

आणि जुनी सवय चुकायला लागली की ती सोडावीही लागते. सचिनची सिडनीची २४१ आठवते का, जानेवारी २००४? त्या सिरीजमध्ये ऑफच्या बाहेर ड्राइव्ह मारायला जाऊन आउट होत होता, तर पठ्ठ्याने कव्हर ड्राइव्हच बंद केला, ४३६ बॉल, दहा तासांहून जास्त वेळ!

अंदाज असा वेगवेगळे बॉल खेळूनच तयार होतो, म्हणूनच हल्ली अकॅडमीत मुलं तासन्‌तास बॉलिंग मशीनसमोर सिमेंटच्या विकेटवर खेळताना बघून जीव तुटतो, कारण मशीनला ना रनअप, ना मनगट, बॉल सुटायच्या आधी ओळखण्यासारखं समोर काहीच नसतं. त्यापेक्षा बाजूच्या खडबडीत मैदानावर एखाद्या वाकड्या ॲक्शनच्या पोराला बॉलिंग द्या, निम्मे बॉल बीट झाले तरी चालतील.