सी.बी.आर.च्या मागे उभा असलेला बिअरवाला केमिस्ट

कोल्हापुरात बी.एस्सी. केलेल्या कुणालाही 'सी.बी.आर.' (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ब्युरेटची, म्हणजे द्रव मोजून सोडणाऱ्या काचेच्या नळीची, तीन रीडिंगं घ्यायची, आकडा स्थिर आला की जर्नलात उतरवायचा. तिसरं रीडिंग पहिल्या दोघांशी 'जुळवण्याची' कला तर कुणी न शिकवताच येते! पण मुळात तीन रीडिंगांवर भरवसा ठेवायचा किती? हा प्रश्न सोडवला तो एका केमिस्टनंच.

विल्यम गॉसेट ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकून १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत लागला. बार्ली, माल्ट, हॉप्स यांच्या चाचण्या खर्चिक, त्यामुळे नमुने मोजकेच. आणि त्या वेळचं संख्याशास्त्र भरपूर आकडे हाताशी आहेत असं धरून चालायचं. १९०६ मध्ये तो लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसनकडे गेला. १९०८ मध्ये त्याचा निबंध 'बायोमेट्रिका' या शोधपत्रिकेत आला, पण 'स्टुडंट' या टोपणनावानं, कारण कंपनी खऱ्या नावानं छापू देत नसे. मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्या टी-टेस्टचा उगम तो हाच.

रीडिंगं १२.४, १२.५, १२.६ मिली आली असं धरा. सरासरी १२.५, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) ०.१. त्याला तीनच्या वर्गमुळानं भागून जुन्या पद्धतीनं १.९६ नं गुणलं, तर ९५ टक्के खात्रीची मर्यादा ±०.११ येते. स्टुडंटच्या कोष्टकात तीन रीडिंगांसाठी गुणक आहे ४.३०. मर्यादा थेट ±०.२५ वर! म्हणजे जर्नलात दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत उत्तर लिहिणं हा निव्वळ डौल.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरच्या १९२५ च्या पुस्तकानं ही पद्धत सगळीकडे पोचवली. पुढे क्रमांकांवर आधारलेली चाचणी देणारा विल्कॉक्सन (१९४५) आणि प्रयोगशाळांचे निकाल ताडून पाहणारा यूडन, दोघेही केमिस्टच.

कोल्हापूरला खरा जवळचा वाटावा तो जॉर्ज बॉक्स. आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीच्या रंगद्रव्य विभागात असताना त्यानं आणि विल्सननं १९५१ मध्ये दाखवलं, की एकेक घटक बदलत बसण्यापेक्षा अनेक घटक आखणी करून एकत्र बदलावेत. गुऱ्हाळात हेच अडतं: चुना किती, भेंडीचं पाणी किती, काहील कधी उतरवायची, सगळं एकमेकांत गुंतलेलं. अनुभवी गुळव्याला ते नजरेनं कळतं. केमिस्टला आखणी लागते.

१९७० च्या दशकात स्वांते वोल्ड आणि ब्रूस कोवाल्स्की यांनी 'केमोमेट्रिक्स'ची, म्हणजे रासायनिक मोजमापांतून गणितानं अर्थ काढण्याच्या शास्त्राची, पायाभरणी केली, कारण यंत्रं एका नमुन्यामागे शेकडो आकडे ओकू लागली होती. आज दूध संकलन केंद्रावर मशीन चटकन फॅट दाखवतं, तेही आधी गर्बर पद्धतीनं (दुधात आम्ल घालून फॅट वेगळं काढून) तपासलेल्या नमुन्यांशी जुळवूनच.