शिंपल्यांनी कॅल्शियम भरून निघत नाही
इंदूरला घरी प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्यांना हमखास सल्ला मिळतो: तळाशी शिंपले नि प्रवाळाची वाळू टाका, कॅल्शियम आपोआप मिळेल. हे खरं नाही. टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असतो; एवढ्या पीएचला समुद्राच्या पाण्यात शिंपल्यांतलं नि प्रवाळाच्या वाळूतलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे अ‍ॅरागोनाइट विरघळतच नाही, ते पाणी त्याने आधीच अतिसंपृक्त असतं, म्हणजे मावेल त्याहून जास्त त्यात आधीच विरघळलेलं असतं. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये (टाकीला जोडलेल्या वेगळ्या डब्यात) तेच तुकडे विरघळतात, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ६.५च्या आसपास उतरवलेला असतो. बोरिंगचं जड पाणीही नको, आरओचंच घ्या. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम ठेवा, आणि कृपा करून अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं प्रमाण) मोजल्याशिवाय डोस वाढवू नका. प्रवाळ दोन्ही एकत्रच वापरतात: लिटरला २० मिलिग्रॅम कॅल्शियममागे साधारण २.८ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक).