पाहुण्या कोडाने फाइल कुठे शोधावी?

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत प्लगिन (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत पाहुण्यासारखा चालणारा जोड-कोड) लिहिणाऱ्यांच्या कानावर एक तक्रार कधी ना कधी येतेच: "तुमच्याकडे चालतं, माझ्याकडे चालत नाही." कोड तोच, फोल्डर तोच, शेजारी ठेवलेली 'रंग.जेसन' फाइलही जागेवर. तरी रुबी 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' असं सांगून थांबते. चूक असते ती शोध कुठून सुरू झाला यात.

नुसतं 'रंग.जेसन' हा अर्धा पत्ता आहे. "डावीकडचं तिसरं घर" म्हटल्यावर ऐकणारा कुठे उभा आहे हे कळावं लागतं, तसंच. उरलेला अर्धा भाग ऑपरेटिंग सिस्टिम जोडते. तो म्हणजे वर्किंग डिरेक्टरी, प्रोग्रॅम त्या घडीला ज्या फोल्डरमध्ये 'उभा' आहे ते. ती स्क्रिप्टची नसते, चालू प्रोसेसची (म्हणजे चालत असलेल्या प्रोग्रॅमची) असते, आणि रुबीपुरतं बोलायचं तर अख्ख्या प्रोसेसला एकच.

हे भल्याभल्यांना चकवून गेलं आहे. पीडीपी-७ या जुन्या संगणकावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडत होती तेव्हाचा प्रसंग तिच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची, यांनी लिहून ठेवला आहे. कमांडसाठी नवी प्रोसेस तयार करायची सोय आली आणि डिरेक्टरी बदलणारी कमांड एकाएकी निकामी झाली. पुष्कळ डोकेफोडीनंतर उलगडा झाला: कमांड आपलं काम चोख करत होती, पण डिरेक्टरी बदलायची ती नव्या प्रोसेसची, आणि ती प्रोसेस लगेच संपायची. मूळ शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) होतं तिथेच राहायचं. आजही डिरेक्टरी बदलणारी 'सीडी' ही कमांड शेलच्या आतच बांधलेली असते, ती याचमुळे.

प्लगिनला तर स्वतःची प्रोसेसच नसते. उदाहरणार्थ, स्केचअप या त्रिमिती आराखड्यांच्या प्रोग्रॅममध्ये रुबी चालते ती स्केचअपच्याच प्रोसेसमध्ये, बाकी सगळ्या प्लगिनांच्या सोबतीने. यजमान जिथे उभा, तिथे पाहुणा उभा. टर्मिनलमधून सुरू केलेला प्रोग्रॅम तुम्ही होतात त्या फोल्डरमध्ये असतो. मॅकवर फाइंडरमधून उघडलेला सहसा थेट सगळ्यात वरच्या, '/' या डिरेक्टरीत. विंडोजवर शॉर्टकटमधला 'स्टार्ट इन' हा रकाना ते ठरवू शकतो. शिवाय विंडोजमधली फाइल निवडायची खिडकी वर्किंग डिरेक्टरी मध्येच बदलू शकते. म्हणजे वापरकर्त्याने एखादी फाइल उघडेपर्यंत प्लगिन सुरळीत, आणि उघडल्यावर बंद! असा दोष शोधणं फार जिकिरीचं असतं.

उपाय एका ओळीचा आहे. २०१३ साली आलेल्या रुबी २.० पासून '__डिर__' हे चालू कोड ज्या फाइलमध्ये आहे तिचं फोल्डर सांगतं, पूर्ण पत्त्यानिशी. म्हणून लिहावं: फाइल.जॉइन(__डिर__, 'रंग.जेसन'). आता यजमान कुठेही असो. 'फाइल.एक्स्पँड_पाथ'ही चालतं, पण त्याला दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे आधाराचं फोल्डर, द्यायला विसरलात तर ते निमूटपणे वर्किंग डिरेक्टरीच आधाराला घेतं.

काही जण सुरुवातीलाच 'डिर.सीएचडिर' करून, म्हणजे वर्किंग डिरेक्टरीच बदलून, मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. तुमची अडचण सुटते, पण सोबतच्या सगळ्या प्लगिनांच्या पायाखालची जमीन सरकते. ब्लॉक (तेवढ्यापुरता चालवायचा कोडचा तुकडा) देऊन वापरलं तर काम संपल्यावर, अगदी मध्येच एरर आला तरी, जुनी डिरेक्टरी परत मिळते. मात्र ब्लॉक चालू असेपर्यंत इतर थ्रेडही (त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) हलवलेल्या जागीच असतात.

कोडच्या फाइली जोडतानाही हीच काळजी हवी. पूर्वी फाइल जोडणारं 'रिक्वायर' चालू डिरेक्टरीतही शोधायचं. तिथे कुणी भलतीच फाइल ठेवली तर तीच चालायची. २०१० च्या रुबी १.९.२ मध्ये लोड पाथमधला (रुबी फाइली शोधते त्या फोल्डरांच्या यादीतला) चालू डिरेक्टरी दाखवणारा टिंब सुरक्षेसाठी काढून टाकला. प्लगिनने आपलं फोल्डर लोड पाथमध्ये घुसवणंही टाळावं. दोन प्लगिनांत 'हेल्पर' नावाची फाइल असेल, तर पहिली लोड झाल्यावर दुसऱ्याच्या 'रिक्वायर'ला नुसतं 'फॉल्स' (म्हणजे 'ही आधीच लोड झाली आहे') मिळतं, एररही येत नाही. 'रिक्वायर_रिलेटिव्ह' पत्ता फाइलपासूनच मोजतं, त्यामुळे हा गोंधळ होत नाही.

लिहायच्या फाइलींचं मात्र वेगळं. सेटिंग प्लगिनच्या फोल्डरमध्ये साठवू नये: तिथे लिहायची परवानगी असेलच असं नाही, आणि नवी आवृत्ती बसवताना ते फोल्डर पुसलं जाऊ शकतं. त्यासाठी 'डिर.होम'पासून (वापरकर्त्याच्या होम फोल्डरपासून) सुरू होणारी, वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातली जागा घ्यावी.