कॅमेऱ्याच्या वायफायला नेट लागत नाही

‘गडावर रेंज नाही, मग फोनवरून कॅमेरा कसा चालवणार?’ हा गैरसमज वर्षानुवर्षं फिरतोय. खुशाल चालवा! कॅमेरा स्वतःचंच वायफाय सुरू करतो, फोन थेट त्याला जोडला जातो. कॅमेऱ्याचं ॲप तेवढं घरूनच फोनवर घेऊन निघा.

खरी गोम वेगळी. त्या वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन ‘तरी जोडलेलं ठेवू का?’ म्हणून विचारतो, कधी न विचारताच मोबाइल डेटाकडे पळतो. मग लोक म्हणतात, बघा, नेट नव्हतं म्हणून तुटलं! मोबाइल डेटा बंद करून बघा.

स्टुडिओत मात्र केबलच बरी. २५-३० एमबीच्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेले कच्चे फोटो) वायफायवर ताटकळत ठेवतात. फोनसोबत आलेली टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २.० ची असते, म्हणजे तिचा वेग कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट (एमबीपीएस), प्रत्यक्षात त्याहून कमीच.