तंबुऱ्याचा षड्ज आणि गिटारची सहावी तार

इंदुरात माइकशिवाय गाण्याच्या छोट्या बैठकांत गिटार घेऊन बसलेला गायक-गीतकार स्वतःच्या दोन-तीन रचना कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्याच्या) ढंगात छान म्हणतो, आणि मग एखादी मालवी चाल घेतो. बहुतेक वेळा गाणं तिथेच बिनसतं. गाणारा सुरात असतो, चाल पाठ असते, अडतं ते कॉर्डपाशी, म्हणजे एकाच वेळी छेडलेल्या तीन-चार सुरांच्या गटापाशी. हे का होतं ते कळायला गिटार आणि तंबुरा गाणाऱ्याच्या हातात कुठल्या वाटेने आले, ते पाहावं लागतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात आधी फिडल आणि बँजो वाजत. गिटार तिथे उशिरा रुळली. ध्वनिमुद्रणासाठी भोंग्यासमोर गावं लागे तोवर तिचा मवाळ आवाज नीट उमटतही नसे. 1925 मध्ये विजेवर चालणाऱ्या माइकने मुद्रण सुरू झालं आणि हे बदललं. 1927 च्या जुलैअखेरीस व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी काम करणारा राल्फ पीअर टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात मुद्रणाचं सामान घेऊन आला. ऑगस्टच्या पहिल्या चार दिवसांत कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या कंट्रीतल्या आद्य गायकांची पहिली मुद्रणं तिथे झाली. पीअरची कमाई गाण्याच्या हक्कांवर होती, म्हणून त्याला हक्क नोंदवता येईल असं नवं गाणं हवं असे. ए. पी. कार्टर डोंगरातल्या वस्त्यांवरून जुनी गाणी गोळा करून आणत, ती घडवत, आणि ती त्यांच्या नावावर नोंदली जात. कंट्रीत स्वतःचं गाणं स्वतः म्हणणाऱ्याला जे मोल आलं, त्यामागे हा व्यवहारही आहे. घरातल्या मेबेल कार्टर अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवत आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरत. एका माणसाच्या साथीचं ते व्याकरण आजही चालू आहे.

क्लब ही पुढची गोष्ट. 1950 च्या दशकात लंडनमध्ये पबच्या वरच्या खोलीत लोकगीतांचे क्लब भरू लागले. इवान मॅककॉल आणि पेगी सीगर या लोकगीत गायकांच्या क्लबात पुढे असा दंडक आला की गाणाऱ्याने आपल्या भाषेतली, आपल्या मुलखातलीच गाणी म्हणावीत. त्यावर बरंच भांडण झालं, पण इंग्लंड-स्कॉटलंडची कितीतरी जुनी गाणी त्या दंडकामुळे पुन्हा ओठांवर आली. अमेरिकेत कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलचा ब्लूबर्ड कॅफे 1982 चा. तिथे जेमतेम नव्वद माणसं बसतात, गीतकार मध्यभागी गोल करून बसतात आणि कुणी बोललं तर त्याला गप्प केलं जातं.

हे इंदूरच्या मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. रसिकाग्रणी रामूभैया दाते यांच्या घरच्या मैफलींची आठवण शहरात अजून निघते. ऐकणारा जाणकार आणि गाणाऱ्यापासून हाताच्या अंतरावर, ही सवय इथे जुनी आहे. फरक पडतो तो गाणं कुणाचं यात. रामूभैयांचे चिरंजीव अरुण दाते ज्या भावगीतासाठी महाराष्ट्रभर ओळखले गेले, त्या भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक सहसा वेगळे असतात. रचणारा आणि म्हणणारा एकच, ही रीत आपल्याकडे शाहिरांची.

मालव्यात तिसरीच रीत आहे. कबीराचं पद, शेवटी कबीराची छाप (नाममुद्रा), चाल मंडळीची. साथीला ढोलक, मंजिरा, आणि म्हणणाऱ्याकडे पाच तारांचा तंबुरा नि करताल. हा तंबुरा शास्त्रीय मैफलीतल्या तानपुऱ्यासारखा मागे घुमत राहत नाही. त्यावर बोटाचा आघात ठेक्यातच पडतो, त्यामुळे सूर आणि लय दोन्ही तोच सांभाळतो. प्रह्लादसिंह टिपानिया (पद्मश्री 2011), कालूराम बामनिया (2024) आणि महूचे भेरूसिंह चौहान (2025) यांच्यामुळे ही गायकी आता देशभर पोचली आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1948 मध्ये कुमार गंधर्व देवासला राहायला आले. क्षयाने पाच-सहा वर्षं गाणं बंद होतं, त्या काळात त्यांनी आसपासची लोकगीतं कान देऊन ऐकली. रागाचा उगम धुनेत आहे हा त्यांचा विचार तिथे पक्का झाला, आणि त्यातून आलेले धुनउगम राग 1965 च्या ‘अनूपरागविलास’मध्ये आहेत.

आता मूळ अडचण. मालवी चाल पुष्कळदा चार-पाच सुरांत फिरते आणि तिचा षड्ज जागचा हलत नाही. गिटारवाला सवयीने दर दोन मात्रांना कॉर्ड बदलतो. कॉर्ड बदलला की ऐकणाऱ्याच्या कानात षड्जाची जागाच सरकते आणि चाल उपरी वाटू लागते. त्यात गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले, म्हणून तिचा शुद्ध गंधार तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. पंचमाचा फरक जेमतेम 2 सेंट, तो खपून जातो. गंधार मात्र टोचतो.

यावरचा उपाय नवा नाही. इंग्लंडचे गिटारवादक डेव्ही ग्रॅहम मोरोक्कोत तिथल्या वादकांबरोबर वाजवून आले आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डी-ए-डी-जी-ए-डी ही जुळवणी त्यांनी रूढ केली. नेहमीच्या जुळवणीतून सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवायची, बाकी तीन तशाच. पांढरी दोनला (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी) षड्ज मानलं की सहावीपासून पहिलीपर्यंत सा-प-सा-म-प-सा मिळतो. सुट्या तारांत गंधारच नाही, त्यामुळे चालीत शुद्ध गंधार असो की कोमल, आड काही येत नाही. अंगठा सहाव्या आणि चौथ्या तारेवर ठेक्यात ठेवला की तंबुऱ्याचं काम होतं. आमच्या मते मालवी चालीला एवढंच पुरे, कॉर्ड कडवं संपेपर्यंत बदलूच नये.

तार एक स्वर उतरली की तिचा ताण सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो. 12 च्या संचावर (पहिली तार इंचाच्या 12 हजारांश जाड) मग तारा पडद्यांवर खरखरतात. 13 चा संच लावला तर बराचसा ताण परत येतो. जुळवणी बदलल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा मिळवावी, कारण उतरवलेली तार थोडी वर सरकते.

काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंसाठी याच जुळवणीवर कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) सहाव्या पडद्यावर जातो आणि खर्ज हरवतो. त्याऐवजी डी-जी-डी-जी-सी-डी लावावी: सहावी, पाचवी आणि पहिली एक स्वर खाली, दुसरी अर्धा स्वर वर. षड्ज पांढरी पाच, क्रम प-सा-प-सा-म-प. कॅपो पहिल्या पडद्यावर लावला की काळी चार मिळते.

इंदूरच्या हवेचंही पाहावं लागतं. गिटारच्या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मे मध्ये वरची फळी सुकून खाली बसते, तारा पडद्यांना टेकतात, पडद्यांची टोकं बोटांना लागतात. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज घालून ती गिटारच्या पेटीत ठेवली तर फरक पडतो. पावसाळ्यात उलट, फळी फुगते आणि तारा उंच होतात. उन्हाळ्यातल्या बैठकीत कूलर गाण्यापुरता बंदच हवा, आणि गाणाऱ्याच्या डोक्यावरचा पंखाही, कारण पात्यांवरून परतणाऱ्या आवाजाने लांब धरलेला षड्ज थरथरल्यासारखा ऐकू येतो.