बिऱ्हाड पाठीवर

श्रावणात इगतपुरीकडच्या भातखाचरात चहाची गाळणी बुडवली, की शेवाळाबरोबर एखादा चपटा, तपकिरी किडा वर येतो. हा पाणढेकूण, लांबीला जेमतेम दीड सेंटिमीटर. परवा आलेल्याच्या पाठीवर कणसासारखे दाणे उभे, दाटीनं चिकटलेले होते. बांधावर पांढऱ्या ताटलीत त्याला पाण्यात सोडलं. पाठ पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून तो संथपणे खालीवर हलत राहिला. दाणे म्हणजे अंडी, आणि ती वाहणारा नर!

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ते आईच्या. इथे ते बापाच्या पाठीवर. हे कळायलाही वेळ लागला. मादीच आपली अंडी पाठीवर घेऊन फिरते, अशी समजूत होती. १८९९ मध्ये संशोधक फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर यांनी ती खोडून काढली.

अंडी मोठी असल्यानं नुसत्या पाण्यात त्यांना प्राणवायू पुरत नाही आणि उघड्यावर ती सुकतात. म्हणून बाप त्यांना पाणी आणि हवा यांच्या सीमेवर धरतो, त्यांच्याभोवतीचं पाणी हलतं ठेवतो. पाठीवरून सुटून पाण्यात पडलेल्या अंड्यांतून सहसा पिल्लं बाहेर येत नाहीत. पंखांवर अंडी असेपर्यंत त्याला उडताही येत नाही.

एवढं ओझं घ्यायचं, तर ती अंडी आपलीच हवीत. आधीच्या नराचं वीर्य मादीच्या शरीरात साठून राहिलेलं असतं. त्यामुळे नर मादीला थेट पाठीवर चढू देत नाही. आधी मीलन, मग मोजकी अंडी. लगेच तो तिला थांबवतो, पुन्हा मीलन, पुन्हा काही अंडी. अमेरिकेतल्या अशाच एका जातीवर रॉबर्ट स्मिथ यांनी १९७० च्या दशकात काम केलं. त्यांच्या एका जोडीनं ३६ तासांत शंभराहून जास्त वेळा मीलन केलं, तेव्हा कुठे १४४ अंडी पाठीवर गेली. शेवटच्या नराचंच वीर्य जवळजवळ सगळी अंडी फळवतं, हेही त्यांनी दाखवलं. मला या किड्याची ही चिकाटी त्याच्या मायेइतकीच मोलाची वाटते. माया आणि खातरजमा इथे एकाच वर्तनात गुंफलेली आहेत.

याच कुळातले आकारानं मोठे भाऊबंद अंडी पाण्याबाहेर आलेल्या देठावर घालतात. तिथेही राखण बापाची: तो रात्री वर चढून अंडी ओली करतो. जपानमध्ये दिसलं, की दुसरी मादी येऊन ती अंडी फोडते आणि मोकळ्या झालेल्या त्या नराशी मीलन करते. पाठीवर वाहिलेली अंडी अशी सहज हाती लागत नाहीत.

पाणढेकणाची पिल्लं डासांच्या अळ्या खातात. खाचरात, गावतळ्यात त्यांना काठाचं गवत आणि स्वच्छ, उथळ पाणी लागतं. किडा पकडायचाच झाला तर हातानं नको, सोंड फार झोंबते.

ताटली खाचरात तिरकी केली. तो बुडाला, भाताच्या रोपाच्या बुडाशी गेला आणि क्षणभरात पाठ वर काढून पुन्हा खालीवर होऊ लागला.