राजा निवडायचा, पण कुणी?

911 साली पूर्व फ्रँक राज्याचा, म्हणजे पुढच्या जर्मनीचा, राजा लुई वारला. वय जेमतेम अठरा, मूलबाळ नाही. लुईसारखाच फ्रँक सम्राट शार्लमेनच्या वंशातला चार्ल्स तेव्हा पश्चिमेकडे राज्य करत होता. रक्ताचं नातं पाहायचं, तर गादी त्याची. पश्चिम सीमेवरच्या लोथरिंगियाचे सरदार त्याला जाऊन मिळालेही. बाकीच्यांनी मात्र फोर्खहाइमला जमून आपल्यातल्याच एकाला, फ्रँकोनियाच्या कोनराडला, राजा केलं.

राजा निवडायची ही रीत थेट प्राचीन जर्मन टोळ्यांकडून आली, असं सांगितलं जातं. राजा कुळावरून आणि सेनापती पराक्रमावरून निवडतात, सभेला प्रस्ताव पटला की भाले खणखणवतात, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय खरं. पण मधे आठशे वर्षं गेली होती. मला कारण जवळचंच दिसतं. मग्यार (हंगेरियन) घोडेस्वारांच्या धाडी पडत होत्या. 907 मध्ये त्यांनी बव्हेरियाची फौज कापून काढली. लुई तेव्हा पोरसवदा. मग सॅक्सनी, बव्हेरिया, स्वाबियातले बडे सरदार आपला मुलूख आपणच राखू लागले आणि ड्यूक म्हणून प्रबळ झाले. त्यांना डावलून राजा होणं अशक्य झालं.

कोनराडची कारकीर्द या ड्यूकांशी भांडण्यातच गेली. मरताना त्याने राजचिन्हं सॅक्सनीच्या हेन्रीकडे, म्हणजे जुन्या शत्रूकडेच, पाठवायला सांगितली. 919 मध्ये फ्रिट्झलारला फ्रँक आणि सॅक्सन सरदारांनी हेन्रीला निवडलं. आर्चबिशपच्या हातून अभिषेक करून घ्यायला त्याने नकार दिला, असं विडुकिंड सांगतो. हा सॅक्सन मठवासी अर्धशतकानंतर, हेन्रीच्याच घराण्याच्या राज्यात लिहीत होता, हे विसरू नये. तरी हेन्रीचं वागणं, ड्यूकांहून फार वर चढून न बसण्याच्या या नकाराला साजेसंच होतं: बव्हेरियाच्या आर्नुल्फशी त्याने तडजोड केली आणि तिथले बिशप नेमायचा हक्क त्यालाच ठेवू दिला.

936 मध्ये आखेनला हेन्रीचा मुलगा ऑटो याच्यासाठी लोकांनी उजवे हात उंचावले. पण त्याची निवड वडिलांनी आधीच ठरवली होती, आणि सामान्य शेतकऱ्याला विचारतो कोण? ऑटोनेही 961 मध्ये स्वतःच्या हयातीतच मुलाला निवडून घेतलं.

फ्रान्सच्या कापे राजांनी हीच युक्ती केली. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मुलगे होत गेले आणि निवडणूक नावापुरती उरली. जर्मनीत 1024 आणि 1125 मध्ये राजे निपुत्रिक वारले, आणि दर वेळी सरदारांचा हक्क पुन्हा ताजा झाला. 1196 मध्ये सहाव्या हेन्रीने गादी वंशपरंपरागत करायचा घाट घातला, तो सरदारांनी हाणून पाडला. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि 1198 मध्ये दोन गटांनी दोन राजे निवडले.